बाबांची १९८४ ची पद्मिनी: दुरुस्त करावी की सोडून द्यावी?

जेलरोडकर

नमस्कार मंडळी,

सल्ला हवा आहे, आणि जरा घाईत हवा आहे. नाशिकरोडला जेल रोडवर आमचं जुनं रो हाऊस आहे. ओळीतली सगळी घरं बिल्डरकडे जाणार, दिवाळीनंतर जागा रिकामी करून द्यायची. सामानसुमान कुठेही मावेल. पोर्चमधली पद्मिनी कुठे जाणार, यावरून मात्र घरात रोज विषय निघतोय.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची, क्रीम रंगाची, पहिल्यापासून आमच्याकडेच. बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, गेल्या वर्षी गेले. आरसीचं नूतनीकरण त्यांनी २०१४ मध्ये शेवटचं केलं, २०१९ ला मुदत संपली. तोवर त्यांचे गुडघे साथ देईनासे झाले होते, त्यामुळे गाडी तेव्हापासून जागची हललेली नाही. वर ताडपत्री, शेजारी पेरूचं झाड. टायर बसलेत. मागच्या सीटखाली उंदरांनी संसार थाटला होता, तो मी साफ केला.

एका गॅरेजवाल्याने फोटो बघून साडेतीन लाख सांगितले, 'शोरूममधून काढल्यासारखी करून देतो' म्हणाला. भंगारवाला रोख पैसे घेऊन यायला तयार आहे. पुण्याच्या ताईचं म्हणणं, एखाद्या शौकिनाला विकून टाक, निदान नीट राहील. आई काहीच बोलत नाही. मला विकवत नाही, पण मुलगी बारावीला आहे आणि साडेतीन लाख आमच्यासाठी मोठी रक्कम आहे.

गाडी करण्याजोगी आहे की नाही हे कसं ओळखायचं? आणि कागदपत्रांचं काय करावं लागेल?

वडाळा_नाका

जेलरोडकर, फोटो बघून आकडा सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका. हे आधी.

आमचं दोन पिढ्यांचं गॅरेज आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जुनी गाडी म्हटलं की सगळे पहिल्यांदा विचारतात, 'इंजिन चालू होतंय का?' पद्मिनीच्या बाबतीत हा प्रश्न शेवटचा आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर. संगणक नाही, सेन्सर नाही. जाम झालं असलं तरी उघडून बोअर करता येतं, पिस्टन-रिंगा बदलता येतात, हेड घासून घेता येतं. चांगला हात असेल तर ते इंजिन परत उभं राहतंच.

पण पद्मिनीला वेगळी चॅसी नाही. जीपला खाली फ्रेम असते, वरची बॉडी सडली तर उतरवून दुसरी बसवतात. पद्मिनीत बॉडी हीच चॅसी. दारांखालचे पट्टे, फरशी, पुढच्या सस्पेन्शनजवळचा पत्रा आणि मागच्या पाट्यांची (स्प्रिंगच्या) टोकं जिथे बसतात ती जागा, यावर सगळी गाडी उभी असते. तिथला पत्रा गेला असेल तर वरून कितीही चकाचक रंग मारा, जॅक लावला की दार बंद होणार नाही. म्हणून निर्णय पत्र्यावर घ्या.

हे तुम्ही स्वतः घरी बघू शकता. मॅटा आणि खालचं जाड कापड पूर्ण उचला, तिथे ओल राहते. जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि फरशी, दारांखालचे पट्टे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा सगळीकडे मुठीने ठोकत जा. टणटण वाजलं तर पत्रा आहे. बद्द वाजलं तर थांबा आणि तिथे टोक दाबून बघा. आरपार गेलं तर ती जागा कापून नवा पत्रा जोडावा लागेल. मग फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून बाहेरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे पूर्वी कुणीतरी लांबी (पुट्टी) भरलेली आहे, खाली काय आहे ते खरवडल्याशिवाय कळणार नाही.

नाशिकची गाडी हा तुमचा मोठा फायदा. मुंबईच्या खाऱ्या हवेतल्या पद्मिन्या आमच्याकडे यायच्या, तेव्हा फरशीतून खालचा रस्ता दिसायचा. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हवा कोरडी. तुमच्या गाडीला धोका ताडपत्रीचाच. प्लास्टिकची असेल तर आजच काढा, आत वाफ धरते आणि पत्रा वरून खात जाते.

आणि कृपा करून कुणी उत्साहाने बॅटरी लावून सेल मारू नका. एवढी वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळूहळू फिरवा. फिरलं तर अर्धं काम झालं. नाही फिरलं तर जोर लावू नका, परत ऑइल सोडा.

तिसरा_गिअर

वडाळा_नाका यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी मात्र दुसऱ्या बाजूने विचारतो, जेलरोडकर, राग मानू नका.

गाडी झाली असं समजा. पुढे? महिन्यातून दोनदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवावी लागेल. नाहीतर परत ब्रेक धरतील, कार्ब्युरेटर चिकटेल, बॅटरी बसेल. ते कोण करणार? नव्या इमारतीत तुम्हाला पार्किंग एक मिळणार की दोन? इमारत होईपर्यंत भाड्याच्या घरात ती कुठे उभी राहणार? उघड्यावर राहिली तर तुमचे साडेतीन लाख दोन पावसाळ्यांत वाहून जातील.

दुसरं, ही गाडी आजच्या रस्त्यांसाठी नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे एअरबॅग नाहीत, धडक शोषून घेणारी रचना नाही. मुंबई-आग्रा हायवेवर मागे कंटेनर आणि पुढे अचानक थांबलेली रिक्षा, अशा वेळी ती आजच्या गाडीइतकी लवकर थांबत नाही. द्वारका सर्कलला संध्याकाळी जे चालतं ते तुम्हाला माहीत आहे.

मी विकाच म्हणत नाही. पण चालवणारा माणूस आणि छप्पर असलेली जागा, या दोन गोष्टींची उत्तरं मिळाल्याशिवाय एक रुपयासुद्धा घालू नका.

पेठरोड

कागदांचं मी सांगतो, आरटीओत रोज जाणं असतं.

आधी एक गैरसमज काढू. १५ वर्षं झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते, असं पुष्कळांना वाटतं. पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांची ती भानगड दिल्ली परिसरातली आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, आणि मग तपासणीत पास झाली तर दर वेळी ५ वर्षांनी वाढवून मिळते.

तुमचा क्रम असा. गाडी वडिलांच्या नावावर, तेव्हा आधी वारस म्हणून नावावर करून घ्या. त्याला फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, आणि आई-बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. खरं तर हा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो, उशीर झाला तर दंड भरून होतो. मग नूतनीकरणाचा फॉर्म २५. २० वर्षांवरच्या कारसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालंय. शिवाय मुदत संपल्यानंतरच्या उशिराला दर महिन्याला ५०० रुपये लागतात, आणि पर्यावरण कर वेगळा. तुमची मुदत २०१९ ला संपलीय, म्हणजे ही रक्कम मोठी होईल. गॅरेजला ॲडव्हान्स देण्याआधी पेठ रोडच्या कार्यालयात जाऊन नेमका आकडा लिहून घ्या आणि तो गाडीच्या खर्चातच धरा. लोक हे विसरतात आणि मग गाडी तयार, कागद अडकलेले.

अजून एक. तुमचा नंबर एमएच-१५ च्या आधीच्या मालिकेतला असणार. जुन्या पुस्तकावरच्या कित्येक नोंदी आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढलेल्याच नाहीत. तुमची तशी असेल तर आधी ती चढवून, म्हणजे बॅकलॉग एंट्री करून, घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, एचएसआरपी नंबरपाटीसुद्धा मिळत नाही. मूळ आरसी बुक सापडतंय का ते आजच बघा.

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. १००० ते १५०० सीसीच्या गटात २०२२ ला ठरलेला वार्षिक दर ३,४१६ रुपये, अधिक कर.

भंगारात द्यायचं ठरलं तरी दारावरच्या माणसाला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात देऊन आरसी रद्द करून घ्या. गाडी नावावर राहिली आणि तिचा नंबर कुठे दुसरीकडे वापरला गेला, तर पोलीस तुमच्या दारात येतील.

घाटमाथा

थोडं अवांतर, पण राहवत नाही. तुमचे वडील एचएएलमध्ये आणि गाडी प्रीमियरची. वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, तीच पुढे एचएएल झाली. आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, तीही त्यांचीच. मिगसाठी ओझरचा कारखाना १९६४ ला उभा राहिला. म्हणजे नोकरी आणि गाडी, दोन्हींच्या मुळाशी हा एकच सोलापूरकडचा माणूस. मला हे फार मोलाचं वाटतं.

मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ज्या घरात पहिल्या मालकाकडेच अशी गाडी आहे, त्यांनी ती शक्य असेल तर ठेवावी, असं माझं स्पष्ट मत.

द्राक्षबाग

पिंपळगावहून. एवढा खर्चच करणार असाल तर जुनं इंजिन काढून मारुतीचं टाका की. पॉवर मिळेल, ॲव्हरेज मिळेल, पार्टची कटकट नाही.

पेठरोड

द्राक्षबाग, ते करू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल करता येत नाही हे स्पष्ट केलंय. नूतनीकरणाच्या तपासणीत इंजिन नंबर जुळवून बघतात.

शिवाय २०३४ चा विचार करा. ५० वर्षं झालेल्या दुचाकी आणि चारचाकींसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी, बॉडी-इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नोंदणी १० वर्षांची, आणि आधीचा नंबर ठेवता येतो. मात्र मग ती रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

द्राक्षबाग

बरं, ते माहीत नव्हतं. मग दुसरं सांगतो, आमच्या जुन्या जीपवरून. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतात, चिरतात. टाकीत पाणी धरतं आणि आतून गंज चढतो. सगळे फ्युएल पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या व्हिटॉन रबराचे टाकून घ्या. टाकी काढून साफ करा, आत गंज असेल तर तो कार्ब्युरेटरपर्यंत जातो. आणि गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा टाकीत पेट्रोल मुरत ठेवू नका.

जेलरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी मी आणि मुलगी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो.

ताडपत्री काढली. फरशी ड्रायव्हरच्या बाजूने पूर्ण टणटण वाजते. डाव्या पुढच्या सीटच्या पायाखाली तळहाताएवढी जागा बद्द वाजली, टोक आरपार गेलं. पेरूची पानं साचून त्याच बाजूने पाणी आत येत असावं. दारांखालचा उजवा पट्टा चांगला, डावा मागच्या चाकाजवळ सडलाय. डिकी कोरडी. मागच्या पाट्यांची टोकं बसतात तिथे पत्रा घट्ट आहे. लोहचुंबक एका मागच्या मडगार्डवर धरत नाही. प्लगमधून ऑइल सोडलं आणि आज संध्याकाळी पाना लावला. इंजिन फिरलं! मुलीने फिरवलं.

आरसी बुक सापडलं. ते शोधताना जे दिसलं त्यावरून घरातला सगळा विषयच बदलला, म्हणून लिहितो.

डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणाला आतून एक पुठ्ठा चिकटवलेला आहे. त्यावर बॉलपेनने तारखा, किलोमीटर आणि 'ऑइल', 'प्लग', 'ब्रेक घट्ट केले' अशा नोंदी, ओळीखाली ओळ. अक्षर आईचं. मी तिच्यासमोर धरलं तेव्हा ती म्हणाली, "मग कोण लिहिणार? गाडी मीच चालवायचे." बाबा कंपनीच्या बसने ओझरला जायचे, पहाटेची पाळी असली की अंधारातच. आई देवळाली कॅम्पच्या शाळेत शिकवायची आणि गाडी तिच्याकडे असायची. आम्ही लहान होतो, आम्हाला 'बाबांची गाडी' एवढंच डोक्यात बसलं. पुढे बाबा निवृत्त झाले आणि गाडी त्यांच्या हातात गेली.

मी विचारलं, काय करू? ती म्हणाली, "रंग बदलू नकोस. चकाचक नको. मला बसता आलं पाहिजे आणि ती थांबली पाहिजे." एवढ्या दिवसांत ती या विषयावर पहिल्यांदा बोलली.

वडाळा_नाका

जेलरोडकर, तुमच्या आईंनी आमच्या धंद्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य सांगितलंय. 'थांबली पाहिजे.'

आता कामाचा क्रम बदला. साडेतीन लाखांचं 'शोरूमसारखं' काम म्हणजे गाडी पूर्ण उघडायची, रंग उतरवायचा, सीट-अस्तर नवं, क्रोम नवं. तुम्हाला ते नको आहे. तुम्हाला गाडी धड आणि चालती हवी आहे. हे काम वेगळं आणि ते टप्प्याटप्प्याने करता येतं.

पहिला टप्पा ब्रेक. चारही चाकांचे सिलिंडर उघडा, आत गंज असेल तर बदला, नुसते रबर किट टाकून भागवू नका. मास्टर सिलिंडर, तिन्ही रबरी होज, ब्रेक शू नवे. लोखंडी पाइपांना गंज असेल तर तेही. टायर कितीही नक्षीदार दिसले तरी पाचही बदला. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते वाचलंत की का म्हणतोय ते कळेल. माप ५.२०-१४, आधी चौकशी करून ठेवा, सहज मिळत नाही.

दुसरा टप्पा पत्रा. तुमचं वर्णन वाचून मला हायसं वाटलं. फरशीचा एक तुकडा आणि डाव्या पट्ट्याचं मागचं टोक, एवढंच असेल तर गाडी नक्की करण्याजोगी आहे. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने जोडायचा. वरून पॅच ठेवून चार टाके मारणारे पुष्कळ आहेत, त्यांना देऊ नका, मध्ये पाणी साचतं आणि दोन वर्षांत परत तेच. कापल्यावर आतून आणि खालून गंजरोधक मारलेला स्वतः डोळ्यांनी बघा. पट्टा कापताना गाडी नीट टेकू देऊन सरळ धरावी लागते, नाहीतर दाराच्या फटी कमीजास्त होतात.

मग इंधन आणि वायरिंग. उंदीर होते म्हणजे वायरिंग पूर्ण तपासा, जुन्या वायरींना जागोजागी टेप मारू नका. क्लच फ्लायव्हीलला धरला असण्याची दाट शक्यता आहे.

इंजिन फिरलंय ना, मग आत्ता उघडूच नका. चालू झाल्यावर कॉम्प्रेशन बघा. चारही सिलिंडर जवळपास सारखे असतील तर तसंच चालू द्या.

रंग जिथे आहे तिथे राहू द्या, पॉलिश करा. नवीन पत्र्यापुरता रंग जुळवून मारता येतो. पार्टसाठी पूर्वी अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता, तो २०१७ ला हटवला. आता मुंबईत कुर्ल्याला जाऊन शोधावं लागतं. जुना पार्ट सोबत न्या, नुसतं नाव सांगून आणाल तर दुसऱ्याच मॉडेलचा येईल.

ताई_कोथरूड

मी जेलरोडकरची बहीण. भावाने धाग्याची लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं.

विकायचं मी म्हणत होते, कारण भाऊ भावनेच्या भरात कर्ज काढेल अशी भीती होती, आणि अजूनही आहे. पण आईचं ऐकल्यावर माझी हरकत राहिली नाही. फॉर्म ३१ साठीचं ना-हरकत पत्र मी देते. मात्र गाडी आईच्या नावावर करा, भावाच्या नाही. तिची होती.

आणि जागेचं म्हणाल तर देवळालीला मावशीच्या बंगल्यामागे पत्र्याची शेड आहे, कोरडी. मावशीशी बोलले, ती हो म्हणाली. कॅम्पातले रस्ते रुंद आणि शांत आहेत, आईला तिथेच फिरवता येईल. गाडी हायवेवर न्यायची नाही, एवढी माझी अट.

तिसरा_गिअर

मी विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर मिळालं, आणि चांगलं मिळालं. चालवणार कोण, तेवढं सांगा.

जेलरोडकर

मी. महिन्यातून दोन रविवार, देवळालीला. मुलीला बारावी झाली की शिकायचंय, स्टिअरिंगवरचा गिअर आजी शिकवणार आहे.

कर्ज काढणार नाही. या वर्षी ब्रेक, टायर, पत्रा आणि कागद. वायरिंग आणि सीट पुढच्या वर्षी, पैसे जमतील तसं. साडेतीन लाखवाल्याला नाही म्हणून कळवलं. पेठ रोडला जाऊन बॅकलॉगची चौकशी केली, आमची नोंद खरंच प्रणालीत नाही, पुस्तक दाखवून अर्ज दिलाय. वडाळा_नाका, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. शनिवारी गाडी आणू का? ओळखीचा एक ट्रॅक्टरवाला आहे, दोरी बांधून ओढत आणेल म्हणतो.

वडाळा_नाका

आणा, पण दोरीने अजिबात नाही. ब्रेक नाहीत, विमा नाही, नोंदणी संपलेली, आणि मध्ये द्वारका सर्कल. फ्लॅटबेड मागवा. चाकं धरलेली असतील तर ओढून चढवू नका, ड्रमला बाहेरून लाकडी हातोड्याने हलके ठोके द्या, बहुतेक सुटतात. चढवल्यावर चारही चाकांना पट्टे आणि पुढे-मागे ठोकळे. सकाळी साडेसातच्या आत निघालात तर रस्ता मोकळा मिळेल. आईंना आणणार असाल तर दहानंतर आणा, तोवर गाडी लिफ्टवर घेऊन ठेवतो, खालचा पत्रा त्यांनाही दाखवतो.

आणि तो पुठ्ठा काढून घरी ठेवा. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात.